टमरेलातले उरलेले पाणी



पंधरा-वीस वर्षे नियमाने ध्यानाला बसणारी दोन माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली, की त्यांना कारण विचारू नये. सांगताना त्यांनाच संकोच वाटतो. श्वास नाकपुडीपाशी पाहायचा की पोटाच्या हालचालीवर. खुर्चीत बसून केलेले ध्यान मोजायचे की नाही. कोणाची किती शिबिरे झाली आणि त्यातली लांब पल्ल्याची किती. एका पद्धतीत शिकलेल्याने दुसऱ्या पद्धतीच्या आचार्यांचे पुस्तक वाचले, तर त्याची साधना 'भेसळीची' झाली का. तुम्ही इथल्या एखाद्या मंडळात चार-सहा वर्षे वावरला असाल, तर या यादीत आणखी दोन-चार गोष्टींची भर तुम्हीच घालाल.

नवख्यांमध्ये असे वाद होत नाहीत. नवख्याचे गुडघे दुखत असतात, त्याला एवढी उसंत नसते. हा जुन्या साधकांचा आजार आहे. मन शांत करण्याची कला ज्यांनी आयुष्याची दोन दशके शिकली, तेच टीचभर गोष्टीवरून तुटेपर्यंत का ताणतात? आणि दुसरा, मला अधिक अवघड वाटणारा प्रश्न: साधकाने वाद घालूच नये, असे म्हणणे बरोबर आहे का?

पहिल्या प्रश्नासाठी कोसंबीला जावे लागते. आजच्या उत्तर प्रदेशात, प्रयागराजजवळ हे गाव होते, आणि तिथल्या घोसिताराम विहारात तथागत हयात असतानाच भिक्खूसंघ दुभंगला होता. विनयपिटकातल्या महावग्गात या भांडणाला अख्खे प्रकरण दिले आहे. गंमत अशी की मूळ दोष कोणता होता, हे महावग्ग सांगतच नाही. तो तपशील नंतरच्या धम्मपद अट्ठकथेत येतो. विहारात दोन विद्वान भिक्खू होते, एक विनयाचा जाणकार आणि दुसरा नामांकित धम्मप्रवचनकार. दोघांचा मोठा शिष्यवर्ग. एके दिवशी प्रवचनकार शौचकुटीतून बाहेर आले आणि वापरून उरलेले पाणी भांड्यात तसेच राहिले. त्या भांड्याला आपल्या मराठीत टमरेल म्हणतात. अमेरिकेत येऊन कितीही वर्षे झाली तरी आपल्या न्हाणीघरात ते कोणत्या ना कोणत्या रूपात असतेच.

मागून विनयाचे जाणकार आत गेले. बाहेर येऊन त्यांनी विचारले, पाणी तुम्ही ठेवले का? प्रवचनकार हो म्हणाले. हा दोष आहे हे ठाऊक नाही का? नव्हते ठाऊक. असेल दोष तर मी कबूल करतो. यावर जाणकार म्हणाले, मुद्दाम केले नसेल तर दोष नाही. विषय संपला. पण संपला नाही, कारण जाणकारांनी आपल्या शिष्यांना सांगितले की या माणसाला स्वतःचा दोष कळत नाही. शिष्यांनी ते पलीकडच्या शिष्यांना ऐकवले. प्रवचनकार चिडले: तेव्हा दोष नाही म्हणाला, आता आहे म्हणतो, म्हणजे हा खोटारडा. मग विनयाच्या पक्षाने सभा घेऊन त्यांच्यावर बहिष्काराची कारवाई केली आणि विहार उभा चिरला गेला. भिक्खुणी, उपासक, उपासिका यांच्यातही दोन तट पडले. अट्ठकथा तर म्हणते की तंटा देवलोकापर्यंत पोचला. ते बाजूला ठेवू, माणसांचेच पुरेसे आहे.

या कथेत मूर्ख किंवा दुष्ट असा कोणी नाही, हे ध्यानात घ्या. घर-संसार सोडलेली, शील पाळणारी, भरपूर शिकलेली माणसे आहेत. पहिल्या संभाषणात तर दोघेही नीट वागले: एकाने कबुलीची तयारी दाखवली, दुसऱ्याने सूट दिली. बिघडले ते शिष्यांसमोर. भांड्यातल्या पाण्यापेक्षा 'आपले गुरू' आणि 'त्यांचे गुरू' हा मामला मोठा झाला. आपल्याकडेही नाकपुडी आणि पोट यांचा वाद दोन साधक एकटे असताना क्वचितच पेटतो. ऐकणारे चार जण असले की पेटतो.

असे का व्हावे, याचे उत्तर अंगुत्तर निकायातल्या एका छोट्या संवादात सापडते. आरामदंड नावाचा ब्राह्मण महाकच्चान थेरांना विचारतो की क्षत्रिय क्षत्रियांशी, गृहस्थ गृहस्थांशी का भांडतात. थेर सांगतात, कामरागामुळे, भोगाच्या वस्तूंच्या आसक्तीमुळे. बरे, मग श्रमण श्रमणांशी का भांडतात? थेर आपल्या पंथाला सूट देत नाहीत. ते म्हणतात, दिट्ठिरागामुळे, म्हणजे मतांच्या आसक्तीमुळे. प्रश्न विचारणारा संघाबाहेरचा, बोचणारा प्रश्न, आणि उत्तर इतके सरळ. मला हा संवाद फार आवडतो.

माणूस एकेक वस्तू सोडत जातो. दारू सोडतो, मांसाहार सोडतो, दागिन्यांचा सोस सोडतो, टीव्हीवरच्या मालिकाही सोडतो. 'माझे' म्हणायला मग हातात फारसे काही उरत नाही. जे उरते त्याच्यावर सगळ्या सोडलेल्या गोष्टींचा भार येऊन पडतो: माझी साधना, माझी पद्धत, माझे आचार्य. गाडीला ओरखडा पडला तर हसून सोडून देणारा माणूस पद्धतीला नाव ठेवले की रात्रभर झोपत नाही. त्याची आसक्ती कमी झालेली असते यात शंका नाही, पण जी राहिली ती सारी एका जागी गोळा झालेली असते.

नाकपुडी आणि पोट यांचेच उदाहरण पुरते पाहू. इगतपुरीच्या धम्मगिरीतून किंवा तिच्या शाखांतून आलेले साधक आनापानात नाकाखालच्या, वरच्या ओठावरच्या भागाशी लक्ष ठेवतात. ही परंपरा सत्यनारायण गोएंकांकडून त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे जाते. महासी सयाडोंच्या परंपरेत शिकलेले साधक पोटाचे फुगणे-बसणे पाहतात. दोन्ही ब्रह्मदेशच्या. महासींचे केंद्र रंगूनमध्ये १९४९ साली सुरू झाले, ऊ बा खिन यांचे १९५२ साली त्याच रंगूनमध्ये. दोघांचा आधार एकच, सतिपट्ठान सुत्त. त्यात श्वासाची जाणीव कुठे ठेवावी यासाठी एक शब्द येतो, 'परिमुखं'. कोणी त्याचा अर्थ मुखाभोवती असा करतात, कोणी समोर असा. एवढ्या एका शब्दावर आपण एकमेकांना कच्चे ठरवतो! आणि योगायोग पाहा, डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब याच रंगूनला गेले होते. तेव्हा त्या शहरात दोन्ही केंद्रे चालू होती. तिथून बाबासाहेब परतले ते भारतात धम्म पुन्हा कसा उभा राहील याची चिंता घेऊन. आपण त्या शहरातून श्वासाची जागा तेवढी उचलून आणली आणि भांडत बसलो.

पद्धतीत फरक नाही असे मी म्हणत नाही. फरक आहे, आणि ज्याने दोन्ही करून पाहिल्या तो त्यावर बोलू शकतो, बोलावेही. पण बहुतेक वाद करणाऱ्यांनी दुसरी पद्धत दहा दिवसही करून पाहिलेली नसते.

साधकांच्या भांडणाला आणखी एक खोड आहे, जी बाजारातल्या भांडणाला नसते. बाजारात माणूस चिडला की चिडलेला दिसतो. साधक चिडला की आवाज खाली आणतो आणि म्हणतो, 'मी समतेत आहे, तुम्ही स्वतःच्या संवेदना पाहा.' किंवा, 'तुमचा अहंकार बोलतो आहे.' किंवा नुसते डोळे मिटून घेतो. ध्यानाने दिलेले शब्द अशा वेळी हत्यार होतात, आणि ते फार धारदार हत्यार आहे, कारण समोरच्याने उत्तर दिले की त्याचे उत्तर हाच त्याच्या अशांतीचा पुरावा ठरतो. एखादी ताई हिशेब विचारते की हॉलच्या भाड्याचे पैसे कुठे गेले, आणि तिला सांगितले जाते की मनात विकार आणू नका. हिला समता म्हणत नाहीत, तोंड बंद करणे म्हणतात. ज्या समाजाला शतकानुशतके 'शांत राहा, आपल्या जागी राहा' असे सांगितले गेले, त्या समाजाच्या लेकरांनी तरी हे ओळखायला हवे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. वाद क्षुल्लक आहे की नाही, हे वस्तूच्या आकारावरून ठरत नाही. पाण्याचेच पाहा. कोसंबीला भांडण पाण्यावरून झाले. रोहिणी नदीवरही पाण्यावरूनच झाले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोगी, म्हातारा, प्रेत पाहिल्याची जुनी कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्याचा संघर्ष मांडला. तिथे पाण्यावर शेते उभी होती. सेनापती युद्धाचा ठराव आणतो आणि सिद्धार्थ भर सभेत विरोध करतो. तो गप्प बसत नाही, आणि नुसता शांतीचा उपदेशही करत नाही. त्याची सूचना व्यवहारी आहे: आपले दोन, त्यांचे दोन, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, आणि या पाचांनी तंटा सोडवावा. ठराव मोठ्या बहुमताने त्याच्या विरोधात जातो. पुढे सैन्यात जायलाही तो नकार देतो आणि परिव्रज्या पत्करतो.

आणि तिसरे पाणी तुम्हाला सांगायला नकोच. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्या दिवशी कोणीही म्हणू शकला असता, आणि म्हणणारे होतेच, की घोटभर पाण्यासाठी एवढा गोंधळ कशाला. सनातन्यांनी नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. खटला मुंबई उच्च न्यायालयात १९३७ साली निकाली निघेपर्यंत दहा वर्षे चालला. ओंजळ टमरेलापेक्षा लहान होती, पण त्या ओंजळीमागे कोट्यवधी माणसांचे दुःख होते. कोसंबीच्या भांड्यामागे दोन माणसांचा मान होता.

मी स्वतःपुरती कसोटी अशी ठरवली आहे: हा वाद मी जिंकलो तर कोणाचे दुःख कमी होईल? उत्तरात माझ्याशिवाय दुसरे नाव येत नसेल, तर विषय सोडायचा. नाव येत असेल, तर समतेच्या नावाखाली गप्प बसायचे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी घातली, तेव्हा तो विषय सभागृहात लढवावा लागला होता. तिथे साक्षीला उभे राहणाऱ्याला नाकपुडी की पोट हे कोणी विचारत नाही. पण ज्या मंडळात पाच जण पाच गटांत बसतात, तिथून अशा दिवशी एक गाडी भरूनही माणसे निघत नाहीत.

इथेच आपला आणखी एक जुना तट येतो, आणि हा टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. एका बाजूला रोज दोन वेळा बसणारे साधक, दुसऱ्या बाजूला चळवळीचे कार्यकर्ते. साधक म्हणतात, हे नुसते भाषणे करतात, मनात द्वेष भरलेला. कार्यकर्ते म्हणतात, हे डोळे मिटून बसतात, समाज जळाला तरी यांना संवेदनाच पाहायच्या. हेही कालपरवाचे नाही. अंगुत्तर निकायात महाचुंद थेर चेती देशातल्या सहजाती गावी भिक्खूंना नेमके यावरच बोलतात. धम्माच्या अभ्यासात रमलेले भिक्खू ध्यान करणाऱ्यांची टिंगल करीत, हे कसले ध्यान आणि कशासाठी! ध्यानी भिक्खू अभ्यासकांना उथळ, बडबडे, गर्विष्ठ म्हणत. महाचुंद म्हणतात, यातून कोणाचेच हित झाले नाही. दोघांनी एकमेकांची स्तुती करायला शिकावे. ध्यानातून जे अमृतपद शरीराने अनुभवतात ती माणसे दुर्मीळ, आणि गंभीर अर्थ प्रज्ञेने भेदून पाहतात ती माणसेही दुर्मीळ. 'दोघेही बरोबर' अशी ही गुळमुळीत तडजोड नाही. ज्याच्यात आपण कच्चे आहोत त्याची किंमत ओळखायला ते सांगत आहेत, आणि तसे करणे सहन करण्यापेक्षा बरेच कठीण आहे.

कोसंबीत पुढे काय झाले? तथागत दोन्ही बाजूंना भेटले. कारवाई करणाऱ्यांना म्हणाले, केवळ आपल्याला वाटते म्हणून कोणाला बाहेर काढू नका, फुटीचा विचार करा. कारवाई झालेल्यांना म्हणाले, इतरांचा आपल्यावरचा विश्वास जपण्यासाठी तरी दोष कबूल करा. कोणाची बाजू बरोबर, हा निवाडा त्यांनी दिला नाही. भिक्खूंनी ऐकले नाही. आपण निश्चिंत राहावे, या भांडणाचे आम्ही पाहून घेऊ, असे ते स्वतः शास्त्यालाच म्हणाले. तथागत कोणालाही न सांगता पात्र-चीवर घेऊन एकटे निघून गेले.

भांडण मिटवले कोसंबीच्या उपासकांनी. त्यांना विनयातले बारकावे ठाऊक नव्हते. त्यांनी एवढेच पाहिले की या लोकांमुळे तथागत गाव सोडून गेले. त्यांनी ठरवले: वंदन नाही, आदर नाही, भिक्षा नाही. पोट रिकामे राहू लागले तेव्हा भिक्खू सावत्थीला तथागतांकडे गेले, ज्याच्यावर कारवाई झाली होती त्याने स्वतः विचार करून दोष मान्य केला, आणि संघ पुन्हा एक झाला. आपल्याकडचे उपासक असा जाहीर बहिष्कार घालत नाहीत. ते नुसते यायचे थांबतात. नागपूर-अमरावतीहून नोकरीसाठी नुकताच आलेला, ज्याला इथे जय भीम म्हणायला माणूस मिळत नाही असा तरुण रविवारी चाळीस मैल गाडी चालवून येतो, जेवणाच्या रांगेत दोन ज्येष्ठांची शाब्दिक चकमक ऐकतो, ताट धुतो आणि पुन्हा दिसत नाही. त्याने तक्रार केलेली नसते, म्हणून आपल्या हिशेबात तो येतच नाही.

मग मिटवायचे कसे? विनयात तंटे शमवण्याचे सात उपाय आहेत. त्यातल्या शेवटच्याचे नाव तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. दोन्ही पक्षांनी एकमेकांना इतके बोलून ठेवलेले असते की एकेक वाक्य उकरून निवाडा करायला बसले तर तंटा आणखी चिघळेल. अशा वेळी सगळे एकत्र जमतात, दोन्ही बाजूंचा एकेक जाणता भिक्खू आपल्या पक्षाच्या वतीने सगळ्यांची कबुली देतो, आणि विषय झाकला जातो. कोण काय म्हणाले याची यादी होत नाही. मला या उपायात त्याचा अपवाद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन गोष्टींवर गवत टाकता येत नाही: गंभीर दोषावर, आणि गृहस्थांशी संबंधित दोषावर. सामान्य उपासक-उपासिकेला जे सोसावे लागले, ते संघाच्या एकोप्यासाठी झाकायची परवानगी विनय देत नाही. पैशाचा गैरव्यवहार, कोणा भगिनीशी गैरवर्तन, आपल्यातच कोणाची पोटजात काढणे, यांचा निवाडाच व्हायला हवा. गवत आहे ते नाकपुडी आणि पोटासाठी.

कोसंबी सोडल्यावर तथागत वाटेत पाचीनवंस वनात थांबले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे साधना करत राहत होते. तथागतांनी विचारले, तुमचे एकमेकांशी कसे चालले आहे? अनुरुद्धांच्या उत्तरात तत्त्वज्ञान थोडे आहे आणि दिनक्रम बराच. जो भिक्षेहून आधी परततो तो आसने मांडतो. जो शेवटी जेवतो तो जागा झाडतो. पिण्याच्या पाण्याचे, धुण्याचे किंवा शौचाच्या पाण्याचे भांडे रिकामे दिसले की ज्याला दिसेल तो भरून ठेवतो. जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो आणि दोघे मिळून उचलतात. शौचाचे भांडे, म्हणजे तेच टमरेल. कोण विसरला हे तिथे कोणी विचारत नाही. आणि हे तिघे मौनीबाबा नव्हते: दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चेला बसत.

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होईल. त्या तीन महिन्यांतल्या आपल्या रविवारच्या बैठकांपैकी प्रत्येक पाचवी बैठक चर्चेची ठेवावी, असे मी सुचवतो. त्या दिवशी आनापानवाल्यांनी पोटावर लक्ष ठेवणाऱ्यांच्या पद्धतीबद्दल बोलायचे, ती निदान आठवडाभर करून पाहिल्यावर. ध्यान करणाऱ्यांनी कार्यकर्त्यांच्या कामाबद्दल, कार्यकर्त्यांनी साधकांच्या बैठकीबद्दल. स्वतःच्या पद्धतीबद्दल कोणी बोलायचे नाही. हॉल सकाळी नऊ ते दुपारी दोन मिळतो. झाडायला आणि भांडी धुवायला नावांची यादी लावणार नाही, ज्याला दिसेल त्याने करायचे.